पावसाळ्यानंतर बाहेरच्या चित्रांच्या फ्रेमचा खालचा कोपरा उघडतो, पॅनल फुगतं, रंग सुटतो : दरवर्षीच्या या कटकटीवर उपाय

दसरा झाला, पाऊस मागे फिरला की आमच्या मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात ही तक्रार ठरलेली. होमस्टेच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या आवारात लाकडी फ्रेम उभी केलेली असते, आत रंगवलेलं पॅनल, कुणी दशावतारातला संकासुर काढलेला, कुणी सावंतवाडीच्या गंजिफाची गोल पानं मोठी करून रंगवलेली, कुणी पिंगुळीच्या चित्रकथीच्या ढंगातला रामायणातला प्रसंग. मे महिन्यात फोटो काढण्यासारखं दिसत असतं. ऑक्टोबरात बघावं तर खालचे दोन्ही कोपरे उघडलेत, खालच्या चार बोटांत रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि पॅनलला पोट आलंय. मग लांबी (पुट्टी) भरायची, सिलिकॉन मारायचं, परत रंग काढायचा, आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

रंग भारीतला घ्यायला हवा होता, लाकूड सागवानी हवं होतं, असं जो तो सांगतो. माझं मत जरा वेगळं आहे, पटो न पटो. बहुतेक फ्रेममध्ये दोष रंगाचा नसतो आणि लाकडाचाही नसतो. खालच्या आडव्या पट्टीला खाच मारून तिच्यात पॅनल घट्ट बसवलेलं असतं ना, खरी गोम तिथे आहे. ती खाच म्हणजे दोन्ही तोंडं बुजवलेली पन्हळ.

घरातल्या फोटोफ्रेमची पद्धत उचलून अंगणात लावली की असं होतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि तो काही सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर झड आडवी येते. पॅनलच्या तोंडावर आपटलेलं पाणी ओघळून खाली खाचेत उतरतं आणि तिथेच बसतं. वरून सिलिकॉन भरलेलं असेल तर आणखी वाईट, कारण एका उन्हाळ्यात ते लाकडापासून एका बाजूने सुटतं, केसाएवढी फट पडते, त्या फटीतून पाणी आत खेचलं जातं पण सुकून बाहेर यायला तेवढी फट पुरत नाही. म्हणजे पाणी अडवायला जे भरलं तेच पाणी धरून ठेवतं.

आता कोपरा का उघडतो ते बघा. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. फूटभर रुंद सागवानी फळी असेल आणि तिची ओल १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली तर ती ३ मिलिमीटरच्या आसपास रुंदावते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ओल एवढी चढणं काही विशेष नाही. अशा तीन फळ्या जोडून पॅनल केलं असेल तर जवळजवळ सेंटिमीटर झाला. फ्रेमची वरची-खालची पट्टी लांबीत वाढत नाही, मधलं पॅनल मात्र आडवं वाढतंय, मग जाणार कुठे, दोन्ही उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलतं आणि जोड उघडतो. प्लायवूड रुंदीत इतकं फुगत नाही हे खरं, पण त्याची खालची कड पाणी पिऊन जाडीत फुगते आणि खाचेच्या दोन्ही भिंती पाचरीने फाकाव्यात तशा फाकतात. खालची पट्टी उभी चिरलेली दिसली तर बहुतेक हेच झालेलं असतं.

हत्यार काढायच्या आधी फ्रेमकडे नीट बघा, ती स्वतःच सांगते. पापुद्रे फक्त खालच्या पट्ट्यात असतील आणि वरचा रंग ठणठणीत असेल तर अडकलेलं पाणी, दुसरं काही नाही. प्रत्येक स्क्रूच्या खाली काळा ओघळ असेल तर तो लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा मिळून झालेला डाग आहे, सागवान, आईन, खैर अशा लाकडात हमखास येतो, म्हणजे स्क्रूचा जस्ताचा मुलामा गेला. सगळ्या पॅनलभर बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी येत असेल तर ते उन्हाचं काम, पावसाला शिव्या देऊ नका. फोड आलेत आणि नखाने फोडल्यावर आत पाणी निघतं तर ओल मागच्या बाजूने येतेय, मागे प्रायमर मारलेला आहे का ते आधी बघा, शंभरातल्या बऱ्याच पॅनलना मागे काहीच मारलेलं नसतं कारण "मागे कोण बघतंय". आणि सुटलेल्या पापुद्र्याच्या पाठीला लाकडाचे बारीक रेशे चिकटून आलेत तर रंगाने पकड चांगली घेतली होती, खालचं लाकूडच मऊ पडलंय.

मऊ पडलंय की नाही हे बघायला खालच्या पट्टीच्या खाचेत आणि कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जात नाही, गेलं तरी उपसताना लांब चिलका निघते. कुजलेल्यात लोण्यासारखं आत जातं आणि बाहेर येताना आखूड तुकडे पडतात. ते लाकूड लांबी भरून वाचत नाही, कापूनच काढावं लागतं.

एक बारकी गोष्ट, ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळतं, बरेच जण ते लावतात आणि घाबरतात. समुद्राजवळच्या लाकडावर मीठ बसलेलं असतं, मिठामुळे वीज जास्त वाहते आणि मीटर आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवा, चार-आठ दिवस वारा लागू द्या, वरची पातळ साल रंध्याने काढा आणि मग मोजा. आकडा २० टक्क्यांच्या वर राहत असेल तर कुजवणारी बुरशी धरायला तेवढं पुरतं, तिथे रंगाचा डबा उघडायचाच नाही.

आता दुरुस्ती. फ्रेम सगळी नवीन करायची गरज फार कमी वेळा असते, खालची आडवी पट्टी बदलली की निम्म्याहून जास्त काम झालं. नव्या पट्टीला पॅनल बसवायची खाच मारायचीच नाही. तिचा वरचा माथा पुढच्या बाजूला उतरता करून घ्या, एवढा उतार की वर पाण्याचा थेंब सोडला तर तो थांबता कामा नये, १५ अंश म्हटलं तर मिस्त्रीला कळेल. पट्टीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच लांबीभर मारा, म्हणजे पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून मागे न जाता तिथेच थेंब होऊन खाली पडतं, खिडकीच्या छज्जाला खाली अशीच खाच असते. पॅनल या पट्टीवर टेकवायचं नाही, मध्ये किमान १० मिलिमीटर फट हवी. पॅनलचं वजन मागून घ्यायचं, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या मागे दोन आडव्या दांड्या टाकायच्या आणि त्यांच्यावर पॅनल नायलॉनच्या बुशवर (बोल्टभोवती बसणाऱ्या आखूड नळीवर) बोल्टने उभं करायचं. म्हणजे पॅनलच्या मागूनही वारा खेळतो. बोल्टचं भोक पॅनलमध्ये आडवं लांबट ठेवा, एक मधलं भोक तेवढं गोल, बाकी सगळी लांबट, मग ते फुगलं तरी सरकायला जागा आहे. बाजूंनाही ४-५ मिलिमीटर मोकळी सोडा, फळ्यांचं पॅनल असेल तर त्याहून जास्त.

ज्यांना खाच ठेवायचीच आहे, कारण जुनी नक्षीची पट्टी आहे, टाकवत नाही, त्यांनी खाचेच्या तळातून आरपार भोकं पाडा. पण ती ३-४ मिलिमीटरची नको, पहिल्या पावसात धूळ आणि शेवाळाने बुजतात, आणि उरलीसुरली कुंभारीण माशी येऊन चिखलाने लिंपून टाकते, तिला अशी भोकं फार आवडतात. १० मिलिमीटरचं ड्रिल लावा, वीतभर अंतरावर, भोकाच्या आतूनही तेल किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रसायन) लावा नाहीतर तिथूनच कुजायला सुरुवात होते. मे महिन्यात एकदा सळई घालून साफ करायची.

कोपऱ्याचा जोड ४५ अंशात कापून केलेला असेल तर तो दिसतो छान पण बाहेर टिकत नाही, दोन्ही पट्ट्या रुंदीत फुगल्या की आतलं टोक आधी भिडतं आणि बाहेरचं उघडतं किंवा उलट. साधा कुसू काढून भोकात बसवलेला काटकोनी जोड आणि वर लाकडाची खुंटी, याला तोड नाही. उभी पट्टी सलग खालपर्यंत आणि आडवी तिच्यात घुसलेली. सरस वापरणार असाल तर नेहमीचा पांढरा नको, वॉटरप्रूफ लिहिलेला किंवा इपॉक्सी. आणि जोडताना दोन्ही लाकडांच्या कापलेल्या टोकांना आधी त्याचाच एक हात द्या, लाकूड पाणी सगळ्यात जास्त त्या टोकांतूनच पितं, बाजूने त्याच्या तुलनेत फारच कमी.

छप्पर केलं तर? करा, जरूर करा, वर दोन इंच पुढे आलेली उतरती टोपी तरी हवीच, कुणी कौलांची एक ओळ टाकतात ती दिसतेही झकास. पण तिच्या भरवशावर राहू नका. झड ४५ अंशात आली तर फूटभर पाखी खाली फूटभरच वाचवते, चार फूट उंच पॅनलचा खालचा भाग भिजणार तो भिजणारच. म्हणून म्हणतो, खालून पाणी जायची सोय आधी.

पाय. यावर थोडं जास्त लिहितो कारण वाळवीचा सगळा खेळ इथे आहे. खांब सरळ मातीत पुरले तर जमिनीच्या पातळीवर, जिथे ओलही आहे आणि हवाही आहे, तिथे ते कुजतात, मातीत आणखी खोल गेलेला भाग कधीकधी चांगला निघतो. मग लोक म्हणतात काँक्रीटमध्ये पुरू. काँक्रीटमध्ये लाकूड आकसल्यावर भोवती फट पडते आणि खांब पाण्याच्या पेल्यात उभा राहतो, हे मातीपेक्षा बरं आहे असं मला कधी वाटलं नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या ओटीवर बघा, लाकडी खांब कधी जमिनीत गेलेला नसतो, तळखड्यावर, म्हणजे खाली बसवलेल्या दगडावर, उभा असतो. तेच करायचं. खाली चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा पाया, त्यात हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) लोखंडी शू, म्हणजे खांबाचं टोक धरणारा बूट, बसवायचा, खांबाचं टोक पायापासून दीड-दोन इंच वर हवेत. चिरा स्वतः पाणी पितो त्यामुळे लाकूड थेट चिऱ्यावर टेकवू नका. मधली ती मोकळी जागा वाळवीलाही अडचणीची, तिला वर यायला मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, ती तुम्हाला दिसते, झाडूने मोडता येते. बोरॅक्सचं पाणी मारायचा सल्ला बरेच देतात, घरात ते ठीक आहे, बाहेर उघड्या लाकडातून पावसात धुऊन जातं. फ्रेमची खालची कड जमिनीपासून दीड फूट तरी वर हवी आणि खाली खडी पसरा, नाहीतर तांबड्या मातीचे शिंतोडे उडून पॅनलचा खालचा भाग कायम ओला आणि लाल.

वाऱ्याचा हिशोब कुणी करत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा सरळ तोंडावर आला तर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब धरतात, म्हणजे ४ बाय ६ फुटांच्या पॅनलवर शंभर किलोच्या वर, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं, दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे दोन खांब आणि मध्ये भलंमोठं सलग पॅनल असं न करता मागे तिरका टेकू द्या, किंवा पॅनल दोन-तीन तुकड्यांत करून मध्ये हातभर फटी ठेवा, आणि फ्रेमची चपटी बाजू नैऋत्येला करू नका, जागा असेल तर थोडी फिरवून उभी करा.

स्क्रू-बोल्टला कंजूषी नको. बाजारात चकचकीत पिवळे-पांढरे झिंकचे स्क्रू मिळतात ते समुद्राच्या वाऱ्यात एक पावसाळा जेमतेम काढतात. स्टेनलेस स्टीलची ३०४ जात घराच्या आडोशाला ठीक, पण लाटांचा तुषार पोचतो अशा जागी त्यावरही चहाच्या डागासारखी तांबूस छटा येते. ३१६ जातीत मॉलिब्डेनम धातू असतो, ती मिठाला जास्त दाद देत नाही. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये ३१६ नसेल तर बंदरावर जिथे होड्यांचं सामान मिळतं तिथे विचारा. आईन, किंजळसारख्या कडक लाकडात आधी ड्रिल न मारता स्क्रू पिळला तर एकतर स्क्रू तुटेल नाहीतर पट्टी चिरेल.

लाकूड कुठलं, हा प्रश्न शेवटी येतोच. मिळालं तर मोडलेल्या जुन्या घराचं वासे-खांबाचं लाकूड घ्या, कैक वर्षांत त्याला जेवढं वाकायचं तेवढं ते वाकून झालंय, फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधा नाहीतर पातं गेलं. नवीन घेणार असाल तर सागवान, किंजळ, किंवा फणसाचा पिवळा गाभा. गाभा म्हणजे गाभाच, कडेचा पांढरा भाग सागवानाचा असला तरी वाळवी आणि बुरशीला सारखाच गोड. आंब्याचं लाकूड पॅकिंगच्या पेट्यांना चांगलं, बाहेरच्या फ्रेमला नको.

पॅनलसाठी प्लाय घेताना आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा, त्याच्या सरसाची परीक्षा ७२ तास उकळून करतात. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) म्हणजे तोच नव्हे, दुकानदार दोन्हीला वॉटरप्रूफच म्हणतो. शंका असेल तर विताएवढा तुकडा जुन्या टोपात दिवसभर उकळत ठेवा, थर सुटले की उत्तर मिळालं. पण ७१० झाला म्हणून लाकूड पाणी प्यायचं थांबत नाही, फक्त थर सुटत नाहीत, त्यामुळे चारही कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात हवेतच, बोल्टच्या भोकांनाही. आणि पुढे जेवढे हात तेवढेच मागे, नाहीतर एक बाजू ओल घेते आणि दुसरी घेत नाही, पोट येतं ते यानेच. चित्र पोस्टर कलरने काढलं असेल तर वर कितीही वॉर्निश मारा, व्यर्थ आहे. बाहेरच्या भिंतीचे ॲक्रिलिक रंग आणि वर यूव्हीचं (उन्हातले अतिनील किरण अडवणारं) ॲक्रिलिक वॉर्निश. चित्रकथीचं मूळ काम कागदावरचं असतं, ते किंवा कुणा कलाकाराकडून घेतलेलं अस्सल चित्र काचेत घालूनसुद्धा अंगणात लावू नका, नक्कल रंगवून घ्या आणि त्याचे त्या कलाकाराला पैसे द्या.

फ्रेमच्या लाकडाला मी चकचकीत पॉलिशच्या विरोधात आहे. मेलामाइन तर घरातलंच आहे, आणि बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) सुरुवातीला सुंदर दिसतं पण जोडावर एकदा चीर गेली की पाणी थराखाली पसरतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. आत मुरणारं बुरशीनाशक घातलेलं बाहेरचं लाकडाचं तेल दरवर्षी एक हात, पुसून लावायचं, अर्ध्या दिवसाचं काम. नुसतं कच्चं जवसाचं तेल नको, दमट हवेत त्यावर काळी बुरशी येते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवा नाहीतर उन्हात पसरून सुकवा. खांबाच्या टोकांना आणि मागच्या दांड्यांना होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल चालतं, स्वस्त आणि मस्त, पण ते अंगावर उततं, हातमोजे घाला, उघड्या कातडीला आधी खोबरेल चोळा, आणि दिसणाऱ्या भागाला लावू नका कारण काळं होतं आणि कितीतरी दिवस चिकट राहतं.

रंगाची वेळ हा मोठा घोळ आहे. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून ऑक्टोबरातच रंग काढतात, तेव्हा लाकूड पावसाळ्याचं पाणी पोटात धरून असतं, वर रंगाचा थर दिला की नोव्हेंबरच्या उन्हात ते बाहेर यायला बघतं आणि फोड येतात. ऑक्टोबरात फक्त गोड्या पाण्याने मीठ धुवा, सुटलेलं खरवडा, कुजलेली पट्टी काढा आणि उघडं सुकू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रायमर आणि रंग. जिथे जिथे आधी सिलिकॉन लागलं होतं तिथलं पूर्ण खरवडून काढा, पुसट थर राहिला तरी रंग त्यावरून पळतो. भरायचंच असेल तर रंग धरणारं पीयू सीलंट घ्या आणि फक्त वरच्या बाजूला भरा, खालच्या बाजूला कधीच नाही.

बोल्टला विंग नट (हाताने फिरवायचे पंखांचे नट) लावले असतील तर जूनच्या आधी पॅनल काढून ठेवता येतं आणि रिकामी फ्रेम चार महिने आरामात काढते, वाराही तिच्यातून निघून जातो. काढलेली पॅनल माळ्यावर उभी ठेवा, दोन पॅनलमध्ये लाकडी पट्टीचे तुकडे घालून, भिंतीला न टेकवता. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाकली तरी पुरे.